साड्यांखालचा स्पीकर

वाइंडिंगबाईंकडे लोक आपल्या गेलेल्या माणसांचे आवाज घेऊन यायचे. बाई ते आवाज काढून द्यायच्या, पण त्यांतला एकही त्यांनी स्वतः ऐकलेला नसायचा. यंत्राचा स्पीकर त्यांनी स्क्रू काढून सोडवला होता आणि एका धुवट पंच्यात गुंडाळून कपाटात साड्यांखाली ठेवून दिला होता. यंत्र फिरायचं, तार सरकायची, आणि बाई समोर बसून काट्याकडे बघत राहायच्या. काटा हलला की माणूस बोलतोय, काटा पडला की गप्प बसलाय, एवढंच त्यांना कळायचं आणि तेवढं त्यांना पुरायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, स्पीकर बिघडला असणार. "दुरुस्त करून आणू का?" असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "बिघडलेला नाही. दुसऱ्याच्या घरातलं बोलणं आपण ऐकायचं नसतं."

टेपरेकॉर्डर घरोघरी येण्याआधी केसासारख्या बारीक पोलादी तारेवर आवाज भरायची यंत्रं होती, हे मला पुण्यात येईपर्यंत माहीत नव्हतं. बहुतेकांना नसतं. पुण्यातल्या काही हौशी घरांत ती विलायतेहून आली होती. त्यांवर बारशाचे पाळणे भरले गेले, कीर्तनं भरली गेली, पोरांची पाठांतरं आणि घरगुती बैठकीतली गाणी भरली गेली. मग टेप आली, यंत्रं भंगारात गेली आणि तारेची रिळं बिस्किटांच्या डब्यांत घालून माळ्यावर टाकली गेली. रीळ मुठीत मावेल एवढं, पण त्यावरची तार उलगडली तर पुण्यालगतच्या धायरी गावातून निघून दोन किलोमीटरवरच्या फाट्यापर्यंत पोचेल. पुढे लोक घरं पाडून बांधायला देऊ लागले, माळे रिकामे व्हायला लागले, तेव्हा हे डबे खाली आले. बुधवार पेठेत जगातली कुठलीही वस्तू दुरुस्त होते म्हणून लोक ती रिळं घेऊन तिथे जायचे. तिथला एक म्हातारा दुकानदार रीळ उलटसुलट करून बघायचा आणि सांगायचा, "हे आमच्याकडे नाही. धायरीला एक बाई आहेत, त्यांच्याकडे जा."

बाई मूळच्या कॉइल वाइंडिंगच्या. एका कारखान्यात विजेचे मीटर बनायचे, तिथे सव्वीस वर्षं त्यांनी तांब्याची तार गुंडाळली. हजारो वेढे, आणि त्यांतले थोडे जरी चुकले तरी मीटर खोटं बोलणार. नव्वदनंतर बाहेरचा माल आला, बाहेरची यंत्रंही आली. चाळीस बायकांचं काम एक यंत्र करू लागलं, आणि चाळीस बायकांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचे कागद पडले. "स्वेच्छा कुणाची ते कागदावर नव्हतं," असं बाई म्हणायच्या. निरोपसमारंभात सगळ्यांना भिंतीवरची घड्याळं दिली. बाई म्हणाल्या, मला घड्याळ नको, स्टोअरमध्ये धूळ खात पडलेलं ते तारेचं यंत्र द्या. कधीकाळी मोठ्या साहेबांची भाषणं त्यावर भरली जायची. एकदा तार गुंतली, साहेब ती कापून टाकायला निघाले, तेव्हा कुणीतरी वाइंडिंग खात्यातून बाईंना बोलावून आणलं. बाईंनी अडीच तास मान वर केली नाही आणि सगळा गुंता सोडवून दिला. तेव्हापासून त्या यंत्रावर त्यांचा जीव होता.

मी यवतमाळकडची. दोन हजार साल उजाडताना जगभरचे कॉम्प्युटर बंद पडणार अशी तेव्हा हाकाटी होती. ते पडू नयेत म्हणून जी पोरंपोरी पुण्यात गोळा झाली, त्यांतली मी एक. धायरीत बाईंच्या डोक्यावरची खोली मला राहायला मिळाली. धायरी तेव्हा अर्धी गाव होती आणि अर्धी बांधकाम. माझ्या एका खिडकीतून ज्वारी दिसायची आणि दुसरीतून सळया. एका रविवारी बुधवार पेठेतून जोडून घेतलेला कॉम्प्युटर मी रिक्षातून घरी आणला, मॉनिटर मांडीवर आणि बाकीचं पायांत. बाई दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "काकू, जरा दार धरता का?"

त्यांनी दार धरलं आणि म्हणाल्या, "तुझ्या काकाशी माझं लग्न झालेलं नाही. बाई म्हण." मग मॉनिटरकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यात आवाज जातो का?"

"जातो की. आणि एकदा गेला की कधी खराब होत नाही."

"कधी नाही, असं म्हणू नये. आमच्या नोकऱ्यांबद्दलपण असंच म्हणत होते."

तोवर त्या तारेवरचा आवाज कॅसेटवर उतरवून द्यायच्या. आता तो माझ्या कॉम्प्युटरमध्ये जायला लागला आणि तिथून सीडीवर. पुढे पुढे कॉम्प्युटरच बाईंच्या खोलीत राहायला गेला आणि रविवारी मीही. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली यंत्र, यंत्राशेजारी माझा मॉनिटर. खरखर काढायला मला ऐकावंच लागे. बाईंनी ते मान्य केलं होतं. "डॉक्टरला बघावंच लागतं," त्या म्हणाल्या. पण ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, त्यांनासुद्धा नाही, ही अट होती. हेडफोन माझ्या कानाला असायचा आणि मला कधी हसू यायचं, कधी डोळ्यांत पाणी. बाई काट्यावरची नजर न काढता शेजारी बसलेल्या असायच्या. माझ्यासारख्या बोलभांड मुलीला ही शिक्षाच होती.

काम सुरू करण्याआधी त्या नखं कापायच्या. बांगड्या काढून वाटीत ठेवायच्या, पंखा बंद करायच्या, खिडकी लावायच्या. मे महिना असला तरी. नुसत्या श्वासानेही ती तार हलते. गुंता हातात आला की मी म्हणायचे, इथून ओढू या. बाई माझा हात बाजूला करायच्या. "ओढायचं नाही. तिला विचारायचं, तू कुठून आलीस." आणि खरोखरच त्या बोटांनी विचारत विचारत मागे जायच्या. तार तुटली तर दोन टोकांची गाठ मारायची, उरलेली टोकं नखाएवढीही न ठेवता कापायची, असं ते काम. रीळ परत देताना त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या, "तीन गाठी आहेत. तीन ठिकाणी तुमचे वडील अडखळतील. घाबरू नका."

गोड बोलणं हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. एक गृहस्थ हात जोडून म्हणाले, "बाई, जपून हं. आमच्या आजोबांची ही एकुलती एक आठवण आहे." बाई म्हणाल्या, "म्हणून पन्नास वर्षं माळ्यावर उंदरांना राखायला दिली होती का?" त्या गृहस्थांनी हात सोडले. दुसऱ्या एकाने कधी होईल म्हणून विचारलं, त्याला "तारेला विचारून सांगते" असं उत्तर मिळालं. माणसं दुखावली जायची, पण रीळ उचलून कुणी परत गेलेलं मी पाहिलं नाही. जाणार कुठे, हाही प्रश्न होताच म्हणा.

आता एका चाकाबद्दल सांगायला हवं. रिळावरून सुटलेली तार यंत्रातल्या एका मोठ्या चाकावर गुंडाळली जाते. ते चाक तारेला ओढून घेतं, म्हणून तार चालते. बाईंना यंत्र मिळालं तेव्हा हे चाक फुटलेलं होतं. त्यांनी तुकडे पिशवीत भरले आणि गावातल्या लेथवाल्या तात्यांकडे नेले. तात्या धायरीचेच. शेत आणि लेथ दोन्ही सांभाळायचे आणि दोन्हींबद्दल सारख्याच जोरात बोलायचे. त्यांनी तुकडे जुळवले, माप घेतलं आणि ॲल्युमिनियमचं झकास चाक करून दिलं. "बाई, येकदम फिट हाय. जरा दमदारच केलंय, मंजी जल्मात मोडायचं न्हाय." चाक बसवून दोघांनी यंत्र तपासलं. एका कोऱ्या रिळावर बाईंनी आकडे म्हटले, तात्यांना काहीबाही बोलायला लावलं, आणि तेच पुन्हा लावून ऐकलं. स्पीकर तेव्हा जागेवर होता. तात्या उडालेच. "आवाज माझाच हाय की!" बाईंची खात्री पटली. यंत्र ठीक झालं असं त्यांनी ठरवलं.

स्पीकर साड्यांखाली गेला तो त्यानंतर महिन्याभराने. कुणीतरी बारशाचं रीळ आणून दिलं. पाळणा संपल्यावर त्या घरातले लोक यंत्र बंद करायचं विसरून गेल्यामुळे पुढे नवरा-बायकोचं बोलणं भरलं गेलं होतं. बाईंनी ते ऐकलं. काय ऐकलं हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही, आणि मी खूप प्रयत्न करून पाहिला आहे. "त्या दोघांना वाटत होतं, खोलीत कुणी नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. एका रविवारी दारात रिक्षा थांबली आणि तीतून शनिवार पेठेतल्या पेटीवाल्या आजी उतरल्या. ह्या एका शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. आठ दिवसांपूर्वीच आम्ही त्यांना सीडी करून दिली होती. त्यांचा थोरला भाऊ भजन म्हणतोय आणि तेव्हा पंधरा वर्षांच्या असलेल्या आजी पेटीवर साथ करताहेत, असं ते रीळ. भाऊ पुढे बाविसाव्या वर्षी गेला. सीडी नेताना आजींनी ती पदरात धरून नेली होती. आता रिक्षावाल्याने त्यांच्यामागून पेटी आणून ठेवली.

"हा माझा भाऊ नाही," आजी म्हणाल्या.

बाई म्हणाल्या, "रीळ तुमचंच होतं. दुसरं कुठलं त्या आठवड्यात आलंच नव्हतं."

"रीळ आमचंच. आवाजही अप्पाचाच. पण तो इतक्या घाईने कधी गायला नाही. आपण सीडी लावता का?"

मी लावली. सवयीप्रमाणे बाई स्वयंपाकघराकडे निघाल्या. "आपण कुठे निघालात?" आजींनी विचारलं. "बसा. ऐका." शाळेत इतकी वर्षं पोरांना बसवलेल्या आवाजापुढे बाईंचं काही चाललं नाही. त्या बसल्या. दुसऱ्याच्या घरातलं गाणं त्यांनी माझ्यादेखत ऐकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

आजींनी भाता ओढून एक सूर धरला. "ही काळी दोन. त्या दिवशी मी हीच धरून बसले होते. पेटी हीच होती आणि मला दुसऱ्या पट्टीत वाजवताही येत नव्हतं." सूर आणि गाणं दोन वेगळ्या वाटांनी चालले होते. माझ्यासारख्या कानसेन नसलेल्या मुलीलाही ते टोचत होतं. मग त्यांनी शेजारची पट्टी दाबली. "आणि ही पांढरी तीन." गाणं त्या सुरात जाऊन अलगद बसलं.

मी शहाणपणाने म्हटलं, "आजी, पेटी जुनी आहे. उतरली असेल."

"पेटी उतरते, मुली. पण सगळे सूर मिळून ठरवून उतरत नाहीत." मग त्या बाईंकडे वळल्या. "पन्नास वर्षांनी भावाबरोबर वाजवायला बसले, तर बोटं जागेवर पडेनात. मला वाटलं, माझंच वय झालं. दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी म्हटलं, मी चुकेन, पेटी कशाला चुकेल?"

बाईंनी उठून यंत्रातलं चाक बोटाने फिरवून पाहिलं. मग मला म्हणाल्या, "तात्यांना बोलाव."

तात्या आले आणि निर्मळ मनाने म्हणाले, "व्हय, येक सूत जास्ती धरलं व्हतं की. फुटकं चाक, झिजलेलं आसंल म्हनलं. आन् दमदार नको का?" लेथवाल्यांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चाक तेवढं मोठं झालं, म्हणून दर फेऱ्याला तार जास्त ओढली जात होती, आणि त्या चाकावरून गेलेलं प्रत्येक माणूस घाईने, अर्धा सूर चढून बोलत होतं. तात्यांच्या आवाजाची चाचणी घेतली तेव्हा हे कळणं शक्यच नव्हतं, कारण भरलंही त्याच चाकावर आणि ऐकलंही त्याच चाकावर. नंतर आली ती सगळी परक्यांची रिळं. बाई ऐकायच्या नाहीत, आणि मी ऐकायचे पण त्यांतलं एकही माणूस मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. घरच्यांनी तर आवाज आला ह्याच आनंदात डोळे पुसले होते.

आजी गेल्यावर बाई म्हणाल्या, "मी ऐकलं असतं तरी मला कळलं नसतं. पण कुणाला तरी विचारायला हवं होतं, की बाबा, हा तुझाच माणूस का? सव्वीस वर्षं मीटर खोटं बोलू नये म्हणून वेढे मोजले, आणि इथे माणसंच चुकवून बसले." त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. आणि मला स्वतःचा राग येत होता, कारण ऐकणारे कान माझे होते.

नेमकं किती चुकलं हे सापडलं ते मात्र मजेशीर. जुन्या रिळांत विजेची एक बारीक घुं-घुं असते. ती काढून टाकण्यात मी पटाईत झाले होते आणि त्याची मला घमेंडही होती. आता मूळच्या, न पुसलेल्या प्रती कॉम्प्युटरवर उघडून बघितल्या, तर प्रत्येकीत दोन घुं-घुं होत्या. एक आमच्या खोलीतल्या विजेची, बरोब्बर पन्नासाची, म्हणजे सेकंदाला पन्नास कंपनं. दुसरी मूळ आवाज भरला त्या घरातल्या विजेची, तारेवर तेव्हाच भरली गेलेली. तीही पन्नासाचीच असायला हवी होती, पण ती त्रेपन्नाला येत होती. मी बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून त्या दोन रेघा पाहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे जी कचरा म्हणून तू फेकत होतीस, तेवढीच खरं सांगत होती."

आकडा मिळाला तसा कॉम्प्युटरवर आवाज खाली आणणं सोपं होतं. मी म्हटलं, सगळ्यांना फोन करू, ज्यांना हवी ते येऊन नवी सीडी घेऊन जातील. बाईंनी नकाराची मान हलवली. "चूक आपण त्यांच्या घरात नेऊन ठेवलीय. तिथूनच उचलून आणायची." एकोणीस घरं होती. सहा रविवार आम्ही दोघी बसने फिरलो, पिशवीत सीड्या घेऊन. प्रत्येक दारात बाई एकच वाक्य म्हणायच्या, "मी तुमच्या माणसाचा आवाज चुकवून दिला होता, बरोबर करून आणलाय." बहुतेकांना फरक कळलाच नाही आणि कळल्यासारखा चेहरा करून त्यांनी चहा दिला. शनिवार पेठेतल्या एका घराच्या पायऱ्या उतरताना बाई सहज बोलाव्या तशा बोलल्या, "माझे वडील ह्या घरात कोळशाची पोती टाकायचे. मागच्या दाराने. मी पुढच्या दाराने चूक कबूल करायला आले. बघ, प्रगती आहे." मी हसावं की नाही ते मला कळेना. त्या मात्र हसत होत्या.

एका घरात एक म्हाताऱ्या काकू एकट्याच राहत होत्या. त्यांच्या यजमानांचं भाषण होतं. त्यांनी नवी सीडी ऐकली आणि बंद केली. "हेच बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "असेच बोलायचे. सावकाश, दमून. पण पहिलीत ते जरा उत्साहात वाटायचे हो. ती नेऊ नका." मला वाटलं बाई आता हट्टाला पेटतील. बाईंनी दोन्ही सीड्या त्यांच्या हातात दिल्या आणि पेनाने एकीवर 'बरोबर' असं लिहिलं. दुसरीवर काहीच लिहिलं नाही.

सगळ्यांत शेवटी पेटीवाल्या आजींकडे गेलो. सीडी लागली, भजन सुरू झालं, आजींनी काळी दोन धरली आणि डोळे मिटले. बोटं जागेवर पडत होती. मधे एका गाठीपाशी भाऊ अडखळला, तेव्हा त्या त्याच्यासाठी थांबल्या आणि पुन्हा बरोबर निघाल्या. संपल्यावर त्यांनी बाईंना विचारलं, "कसं वाटलं?" बाई म्हणाल्या, "मला गाण्यातलं कळत नाही. पण तुम्ही दोघं एका घरातले वाटलात." इतकं गोड बोललेलं मी त्यांच्या तोंडून तेवढंच ऐकलं.

त्यानंतर बाईंनी नियम केला. आवाज उतरवताना त्या माणसाला ओळखणारं कुणीतरी खोलीत हवं. मी सांगायचे, घुं-घुं पन्नासाला आलीय, आता चूक होणार नाही. "घुं-घुं आकडा सांगेल," बाई म्हणायच्या, "'हो' माणसाने म्हणायला हवं." तात्यांनी मापाचं नवीन चाक करून दिलं, तोंड पाडून. जुनं दमदार चाक बाईंनी टाकलं नाही. मांजराने दूध सांडू नये म्हणून ते पातेल्याच्या झाकणावर वजन म्हणून बसलं. स्पीकर मात्र साड्यांखालीच राहिला. लोक माझ्या हेडफोनने ऐकायचे आणि बाई स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची तोंडं बघायच्या. चेहऱ्यावर एक क्षण यायचा, माणूस सापडल्याचा. तो आला की त्या आत वळून चहाचं आधण ठेवायच्या. मला वाटतं, बाईंच्या आयुष्यातली ती सगळ्यांत सुखाची वर्षं होती. माझी तर होतीच.

मग कंपनीने मला परदेशी पाठवलं. निरोपाला बाई म्हणाल्या, "जा. नखं कापत जा." चार वर्षांनी नवऱ्यासकट परत आले ते पुन्हा धायरीतच घर घेतलं. ज्वारी संपली होती. बाईंनी काम थांबवलं होतं. एके दिवशी मारलेली गाठ सुटली, तेव्हा त्यांनी हात समोर धरून पाहिला, थरथरत होता. त्याच दिवशी यंत्रावर कापड घातलं. "हात हलायला लागला की तारेला त्रास," एवढंच त्यांनी मला सांगितलं. दुःख केल्याचं दिसलं नाही. रविवारी मी जायचे, मुलीला घेऊन जायचे, बाई तिला दोऱ्याचा गुंता सोडवायला द्यायच्या आणि ओढू द्यायच्या नाहीत.

गेल्या थंडीत झोपेतच त्या गेल्या. त्यांच्या सांगलीच्या भाचीने मला बोलावून घेतलं. यंत्रावरच्या कापडाला टाचणीने चिठ्ठी लावलेली होती, बाईंच्या कारखानी अक्षरात. वर माझं नाव आणि खाली एक ओळ. "स्पीकर साड्यांखाली आहे."

यंत्राबरोबर कोऱ्या रिळांचा डबा होता. एक रीळ पूर्ण कोरं नव्हतं. वर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी चढवलं आणि सवयीने काट्याकडे बघत बसले. काटा हलला. हेडफोन लावला, तर जड, दमलेल्या आवाजाची कुणी बाई आकडे म्हणत होती. ओळखीची वाटत होती आणि वाटतही नव्हती. मग एक पुरुष खर्जात म्हणाला, "बोलू का, बाई?" आणि मी यंत्र थांबवलं. हे तात्या होते. हे त्या पहिल्या चाचणीचं रीळ होतं, दमदार चाकावर भरलेलं. मापाच्या चाकावर ते बरोबर वाजणार नव्हतं.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. भाची भांडी आवरत होती, चाक मोडीच्या ढिगात पडलं होतं. ते घासूनपुसून आणलं. नियम आठवला, म्हणून तात्यांना फोन केला. तात्यांचा लेथ जाऊन तिथे आता सहा मजले उभे आहेत आणि गुडघे त्यांना जिना चढू देत नाहीत, पण बाईंचं घर तळमजल्यावर. काठी टेकत आले. मी नखं कापली, पंखा बंद केला, चाक बदललं. मग कपाटातून पंच्यातला स्पीकर काढला आणि जागेवर बसवून दोन्ही तारा जोडल्या. हे दुसऱ्याच्या घरातलं बोलणं नव्हतं.

"एक, दोन, तीन, चार." खणखणीत, तुटक. खोलीत कुणीतरी दार उघडून आत यावं तसा आवाज आला. मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळे पुसत मान हलवली. "ह्याच बाई." मग जरा थांबून म्हणाले, "मंग माझं माप बरूबरच व्हतं की." मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही मी आवरलं नाही.

तारेवर बाई म्हणत होत्या, "तात्या, तोंड जवळ आणा. चावत नाही ते."

"काय बोलू?"

"बोला काहीही. कोण ऐकणार आहे!"

पुढे तात्यांनी तिशीतल्या उमेदीने त्या सालच्या पिकापाण्याची हकिकत सांगितली होती, ती आम्ही दोघांनी शेवटपर्यंत ऐकली. तार संपून टोक चाकावर फटफट वाजायला लागलं.

"लाव पुन्यांदा," तात्या म्हणाले. मी तार मागे घेतली.